व्यंगचित्रातील शाळेचे दार

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोमवार, दि. १७ मे १९५४ रोजी एक ऐतिहासिक निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांच्यासह नऊही न्यायमूर्तींचे त्यावर एकमत होते. वर्णावरून मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे हे राज्यघटनेने दिलेल्या समान संरक्षणाच्या हमीशी विसंगत आहे, असे न्यायालयाने जाहीर केले. ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात अशा घटनेच्या वाट्याला चार ओळी येतात. त्या वाचून मुलांची अशी समजूत होते, की सोमवारी निकाल लागला आणि मंगळवारी शाळांची दारे उघडली.

वस्तुस्थिती फार वेगळी होती. निकालानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, म्हणजे १९६३-६४ या शैक्षणिक वर्षात, दक्षिणेकडील अकरा राज्यांत दर शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम एक मूल गौरवर्णीय मुलांबरोबर एका शाळेत शिकत होते. न्यायालयाचा कागद आणि शाळेचे दार यांच्यामध्ये एवढे अंतर कसे पडले, ते कोणी वाढवले आणि कोणी कमी केले, हाच या इतिहासाचा गाभा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो कायद्याच्या भाषेत सांगितला तर तो जांभया देईल. त्याच्यापुढे त्या काळच्या वर्तमानपत्रातील एखादे व्यंगचित्र ठेवले, तर मात्र पहिला प्रश्न तोच विचारील. अमेरिकेत अनेक शिक्षक हा मार्ग अवलंबतात. तो समजून घेण्यासारखा आहे आणि त्यातील धोकेही ओळखून ठेवण्यासारखे आहेत.

वेगळे, पण म्हणे समान

चित्रांकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी मुलांना द्यावी लागते. १८९६ साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील वर्णनिहाय वेगळे डबे वैध ठरवले होते. सोयी समान असल्या तर त्या वेगळ्या असण्यास हरकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी त्यास विरोध नोंदवला. पुढे जवळजवळ साठ वर्षे याच तत्त्वाच्या आधारावर शाळा, दवाखाने, बागा, पाणी पिण्याचे नळ असे सारे काही वेगळे ठेवले गेले.

या ‘समान’ शब्दाची परीक्षा आकड्यांनी करावी. साउथ कॅरोलिना राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५० या वर्षी एका गौरवर्णीय विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर खर्च होत आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४३ डॉलर. गौरवर्णीय मुलांसाठी तीस शाळाबस होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. तेथील पालकांची मूळ मागणी फक्त एका बसची होती. ती नाकारली गेली आणि प्रकरण वाढत जाऊन न्यायालयात पोचले. अर्जावर सही करणाऱ्या हॅरी ब्रिग्ज या पालकाला पेट्रोल पंपावरील नोकरी गमवावी लागली. पाचवीतल्या मुलाला १७९ ला ४३ ने भागायला सांगितले, तर उत्तर चारापेक्षा थोडे अधिक येते. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाची पोकळी त्याला एका भागाकारात उमगते.

तथापि सगळीकडे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. कॅन्सस राज्यातील टोपेका शहरात लिंडा ब्राऊन ही तिसरीतील मुलगी राहत असे. घरापासून सात चौक ओलांडले की एक शाळा होती, पण ती गौरवर्णीयांची. लिंडाला रेल्वेच्या रुळांजवळून चालत जाऊन बस पकडावी लागे आणि सुमारे मैलभर दूर असलेल्या शाळेत जावे लागे. त्या शाळेची इमारत व शिक्षक उत्तम होते. तरीही तिचे वडील ऑलिव्हर ब्राऊन न्यायालयात गेले. वेगळे काढणे हेच मुळात अपमानकारक आहे, हा मुद्दा त्यामुळे स्वच्छपणे पुढे आला. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवून प्रयोग केले होते. त्यांत अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. शाळेच्या दारावरील भेद मुलांच्या मनात कसा उतरतो, हे त्या प्रयोगांनी दाखवले. थर्गुड मार्शल व त्यांच्या सहकारी वकिलांनी चार राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन येथील अशी एकूण पाच प्रकरणे लढवली आणि ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाचा शालेय शिक्षणापुरता अंत झाला.

चित्र वाचण्याची पाच साधने

व्यंगचित्र दिसायला सोपे, पण वाचायला अवघड असते. वर्तमानपत्राचा त्या दिवशीचा वाचक बातमी जाणून असतो. सत्तर वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्या मुलाला ती माहीत नसते. म्हणून वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने विद्यार्थ्यांसाठी व्यंगचित्रांचा अभ्यास करण्याची जी मार्गदर्शिका तयार केली आहे, तिच्यात पाच युक्त्या ओळखायला शिकवले आहे: प्रतीक, अतिशयोक्ती, नामपट्टी, तुलना आणि उपरोध.

प्रतीक म्हणजे एखाद्या वस्तूने दुसऱ्याच कल्पनेचे काम करणे. उंच टोपी घातलेला, दाढीवाला ‘अंकल सॅम’ म्हणजे अमेरिका. ‘जिम क्रो’ हे १८३० च्या सुमारास थॉमस राईस या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून रंगवलेल्या पात्राचे नाव. पुढे वर्णभेदाच्या सर्व कायद्यांना तेच नाव पडले. अतिशयोक्ती म्हणजे नाक, पोट, काठी किंवा कुलूप प्रमाणाबाहेर मोठे काढणे; जे मोठे काढले आहे ते चित्रकाराला महत्त्वाचे वाटते, एवढे मुलाने लक्षात ठेवावे. नामपट्टी म्हणजे चित्रातील वस्तूवर लिहिलेला शब्द. तुलना म्हणजे गुंतागुंतीच्या प्रश्नाची रोजच्या व्यवहारातील गोष्टीशी घातलेली सांगड. उपरोध म्हणजे जे असायला हवे आणि जे प्रत्यक्षात आहे, यांतील विसंगती बोचेल अशा रीतीने दाखवणे.

ही साधने हातात आली, की मुले चित्रातील बारीकसारीक खुणा स्वतःच शोधू लागतात. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट पुष्कळदा त्यांनाच आधी दिसते.

दार, घड्याळ आणि छोटा ल्यूथर

बिल मॉल्डिन हे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची चित्रे काढून प्रसिद्धीस आलेले आणि दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळालेले व्यंगचित्रकार. १९६० च्या एका चित्रात त्यांनी एक जड दार दाखवले आहे. त्या दारावर शाळांतील वर्णविभाजनाची नामपट्टी आहे आणि एक कृष्णवर्णीय ते दार नेटाने ढकलतो आहे. चित्राच्या शीर्षकाचा अर्थ ‘इंचाइंचाने’ असा होतो. मुलाला येथे तीन प्रश्न विचारता येतात. दार किती उघडले आहे? ते ढकलायला किती जण आहेत? पलीकडून ते कोणी धरून ठेवले असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रात नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

तो शोध १९५५ पासून सुरू होतो. ३१ मे १९५५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसरा आदेश दिला आणि शाळांचे एकत्रीकरण ‘सर्व विचारपूर्वक गतीने’ करावे, असे सांगितले. गतीही हवी आणि विचारही हवा, असा हा शब्दप्रयोग. ज्यांना गती नको होती, त्यांनी त्यातला विचार तेवढा उचलला. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ साली आपल्या सर्व सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. गौरवर्णीय मुलांसाठी खाजगी शाळा उभी राहिली. कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांची वर्षे वाया गेली. १९६३ साली तात्पुरत्या मोफत शाळांची सोय झाली आणि सरकारी शाळा पुन्हा उघडल्या त्या १९६४ साली, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. याच परगण्यातील फार्मव्हिल येथे १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने डांबरी कागदाने मढवलेल्या खोपट्यांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला होता. ‘ब्राऊन’ निकालातील पाच प्रकरणांपैकी एक त्या संपातून निघाले होते. ज्या मुलांनी दार ठोठावले, त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी शाळाच बंद करण्यात आली.

वेळेचा हाच हिशेब हर्बर्ट ब्लॉक यांनी एका चित्रात मांडला आहे. ‘हरब्लॉक’ या सहीने ते वॉशिंग्टन पोस्टमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ चित्रे काढीत होते. १९६२ च्या त्यांच्या चित्रात एक लहान मुलगा आपले वय सांगतो: तो आठ वर्षांचा आहे आणि न्यायालयाने निकाल दिला त्या दिवशी त्याचा जन्म झाला आहे. त्यात रडारड नाही, घोषणा नाही, कोणावर बोटही रोखलेले नाही. आठ वर्षांचा काळ म्हणजे सरकारी कागदावर थोडासा विलंब. मुलाच्या बाबतीत ते त्याचे सारे आयुष्य असते. हे चित्र पाहणारे मूल जर आठच वर्षांचे असेल, तर त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

तिसरे चित्र ऑलिव्हर हॅरिंग्टन यांचे. १९१२ साली जन्मलेले हॅरिंग्टन स्वतः कृष्णवर्णीय होते आणि कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत चित्रे काढीत. वर्णभेदाला आणि राजकीय छळाच्या शक्यतेला कंटाळून ते आधी पॅरिसला व नंतर पूर्व बर्लिनला जाऊन राहिले. त्यांच्या एका चित्रात लष्करी अधिकारी मोठ्या गांभीर्याने चढाईचा बेत आखत आहेत. एका सेनापतीने रणगाडे घेऊन एका गावावर हूल द्यायची, दुसऱ्याने परगण्याच्या मुख्य ठिकाणी घुसायचे आणि तेवढ्यात तिसऱ्याच्या तुकडीने छोट्या ल्यूथरला शाळेत पोचवायचे. मुले या चित्राला हमखास हसतात. त्यांना मनमोकळे हसू द्यावे आणि मग लिटल रॉक शहराची हकिकत सांगावी.

अर्कान्सा राज्यातील लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रवेश घेणार होते. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड हे दल शाळेभोवती उभे केले, ते या मुलांना अडवण्यासाठी. ४ सप्टेंबरला नऊ जणांनी एकत्र जायचे ठरले होते. पण एलिझाबेथ एकफर्ड हिच्या घरी टेलिफोन नसल्याने तिला निरोप मिळाला नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी ओरडणाऱ्या जमावातून एकटी चालत गेली आणि शस्त्रधारी जवानांनी तिला परत फिरवले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कराच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधील सुमारे हजार सैनिक पाठवावे लागले. त्यांच्या बंदोबस्तात २५ सप्टेंबरला ती नऊ मुले वर्गात बसली. पुढच्या वर्षी गव्हर्नरांनी शहरातील हायस्कुलेच बंद ठेवली. हे ऐकल्यावर मुले पुन्हा हॅरिंग्टनच्या चित्राकडे पाहतात, तेव्हा त्यात अतिशयोक्ती किती थोडी आहे हे त्यांच्या ध्यानात येते.

रुबीने काढलेली चित्रे

इतक्या लहान मुलांना द्वेषाची हकिकत सांगावी का, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देताना रुबी ब्रिजेस हिचे वय विसरून चालत नाही. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील विल्यम फ्रांझ प्राथमिक शाळेत केंद्र सरकारच्या मार्शलांच्या संरक्षणात ती गेली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. बाहेरचा आरडाओरडा ऐकून तिला वाटले, की शहरातला मार्डी ग्रा हा उत्सव चालला असावा. पहिला दिवस मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बसून गेला, कारण गौरवर्णीय पालक आपापल्या मुलांना घरी घेऊन जात होते. त्यानंतर बार्बरा हेन्री या बॉस्टनहून आलेल्या शिक्षिकेने वर्षभर एका रिकाम्या वर्गात तिला एकटीलाच शिकवले. कोणी विष घालील या भीतीने तिला घरचेच अन्न खावे लागे. तिच्या वडिलांची नोकरी गेली.

याच प्रसंगावर नॉर्मन रॉकवेल यांनी काढलेले चित्र जानेवारी १९६४ मध्ये ‘लुक’ या नियतकालिकात छापले गेले. ते व्यंगचित्र नव्हे, तैलचित्र आहे. पण चित्रवाचनाच्या धड्यात ते हटकून घेतले जाते. पांढऱ्या पोशाखातील एक छोटी मुलगी वही आणि पट्टी घेऊन चालली आहे. तिच्या पुढेमागे चार धिप्पाड पुरुष आहेत, पण चित्राच्या चौकटीने त्यांची डोकी कापली गेली आहेत. भिंतीवर शिवी खरडलेली आहे आणि फेकलेल्या टोमॅटोचा लाल डाग ओघळतो आहे. जमाव कोठेही दिसत नाही. ‘टोमॅटो कोणी फेकला?’ असे विचारले की मुले चित्राबाहेर पाहू लागतात, आणि जमाव नेमका जिथे उभा असेल तिथे, म्हणजे चित्र पाहणाऱ्याच्या जागी, आपणच उभे आहोत हे हळूहळू त्यांच्या लक्षात येते. मोठ्या माणसांचे चेहरे चित्रकाराने का दाखवले नसतील, या प्रश्नावर तर अर्धा तास चर्चा होऊ शकते.

रुबीच्या बाबतीत आणखीही काही चित्रे आहेत, आणि ती तिने स्वतः काढलेली आहेत. रॉबर्ट कोल्स हे बालमनोविकारतज्ज्ञ त्या काळात तिला नियमित भेटत आणि तिच्याकडून चित्रे काढून घेत. त्यांनी पुढे नोंदवले, की रुबी गोरी माणसे मोठी आणि ठसठशीत काढी, तर कृष्णवर्णीय माणसे लहान काढी आणि त्यांच्या शरीराचा एखादा भाग अपुरा राही. कोणत्याही खटल्याच्या कागदपत्रांत न सापडणारी ही साक्ष आहे. लहान मुलांना हे समजणार नाही म्हणून जे दडवले जाते, ते लहान मुलांनीच सोसलेले असते, ही गोष्ट या चित्रांमुळे नाकारता येत नाही. अर्थात शिवीगाळ आणि हिंसा यांचे तपशील वयानुसार कमीअधिक करावेत. सहा-सात वर्षांच्या मुलाला रुबी आणि तिच्या शिक्षिकेची गोष्ट पुरे. लिटल रॉकचा जमाव बारा वर्षांनंतर पाहिला तरी चालेल.

चित्रकाराचीही उलटतपासणी

व्यंगचित्र हे पुराव्याचे साधन आहे तसेच प्रचाराचेही आहे, हे मुलांना सांगितले नाही तर धडा अपुरा राहतो. थॉमस नास्ट हे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी अमेरिकन व्यंगचित्रकार. ऑक्टोबर १८७४ मध्ये ‘हार्पर्स वीकली’त त्यांनी काढलेल्या चित्रात वर्णद्वेषी संघटनांचे दोन प्रतिनिधी परस्परांशी हस्तांदोलन करीत आहेत, त्यांच्या हातांखाली एक भेदरलेले कृष्णवर्णीय कुटुंब आहे आणि मागे एक शाळा जळते आहे. शिक्षणाला विरोध करणारे शाळेपासूनच सुरुवात करतात, हे नास्ट यांनी ‘ब्राऊन’ निकालाच्या ऐंशी वर्षे आधी दाखवले. परंतु त्याच १८७४ सालच्या मार्च महिन्यात, त्याच साप्ताहिकात, त्याच नास्ट यांनी कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींची टवाळी करणारे हिणकस चित्रही काढले होते. आयरिश स्थलांतरितांना तर ते वारंवार वानरासारखे रंगवीत. ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की चांगल्या बाजूने लढणाऱ्या लेखणीचीही तपासणी करावी लागते हे मुलांना कळते.

१९५४ नंतरही व्यंगचित्रे एकाच बाजूने निघत नव्हती. निकालाला विरोध करणारी दक्षिणेतील वर्तमानपत्रेही चित्रे छापीत. त्यांत केंद्र सरकार आणि न्यायालय आक्रमक असत आणि राज्य बिचारे असे. थोड्या मोठ्या मुलांनी ही बाजूही पाहावी. कोणाच्या हातात शस्त्र दाखवले आहे? कोणाला दुबळे काढले आहे? आणि ज्या मुलाच्या शिक्षणाबद्दल हा वाद आहे, ते मूल चित्रात आहे तरी का? या तिसऱ्या प्रश्नाने पुष्कळ चित्रांची बाजू उघडी पडते.

संदर्भ सुटला की चित्र कसे भडकते, याचा अनुभव भारताने २०१२ साली घेतला. राज्यघटना तयार होण्यास लागणाऱ्या वेळावर शंकर यांनी १९४९ साली काढलेले व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. घटनारूपी गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले आणि मागे पंडित नेहरू हाती चाबूक घेऊन उभे. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, चित्र मागे घेण्याचे सरकारने जाहीर केले आणि प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एका पिढीला गतीवरील टीका म्हणून दिसलेले चित्र दुसऱ्या पिढीला अपमान म्हणून दिसले. दोन्ही पाहणाऱ्यांच्या भावना समजून घ्यायच्या, तर शिक्षकाला चित्राबरोबर त्याचा काळही शिकवावा लागतो.

‘मी कोणत्या शाळेत गेलो असतो?’

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढणारी मराठी घरातील नातवंडे हा धडा शाळेत शिकतात, तेव्हा एक प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वर्गात सारी चर्चा काळ्या आणि गोऱ्या मुलांची चालते. मग आपण कोठे बसलो असतो? आजी-आजोबांना याचे उत्तर देता यावे म्हणून दोन निकाल लक्षात ठेवावेत. मिसिसिपी राज्यातील रोझडेल येथे चिनी वंशाच्या मार्था लम या मुलीला गौरवर्णीयांच्या शाळेतून बाहेर काढण्यात आले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. त्यापूर्वी १९२३ साली अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांना त्याच न्यायालयाने ‘गोरे’ मानण्यास नकार दिला आणि त्यामुळे त्यांना मिळालेले नागरिकत्व रद्द झाले. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या भारतीय मुलासाठी गौरवर्णीयांच्या शाळेचे दार बंद ठेवण्याचा अधिकार राज्याला होता, असा याचा अर्थ. ज्यांनी १९५४ चा लढा दिला, त्यांनी ते दार नंतर येणाऱ्यांसाठीही ढकलले.

मुलाचा पुढचा प्रश्न असेल, ‘आपल्याकडे असे होते का?’ त्यालाही सरळ उत्तर द्यावे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव आंबेडकरांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत असे. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. त्याही आधी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. दोन देशांतील हा धागा महाराष्ट्राच्या मुलांनी ओळखावा. ज्या पालकाला परदेशातील अन्याय रंगवून सांगता येतो आणि घरचा सांगताना घसा बसतो, त्याच्या गोष्टीवर मुले फार काळ विश्वास ठेवीत नाहीत.

घरी किंवा सुट्टीच्या शिबिरात

हा धडा देण्यासाठी फारशा साधनांची गरज नाही. हर्बर्ट ब्लॉक यांची चौदा हजारांहून अधिक रेखाटने लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळालेली आहेत. ‘ब्राऊन’ निकालाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २००४ साली, त्या ग्रंथालयाने भरवलेल्या प्रदर्शनातील कितीतरी चित्रे संगणकावर विनामूल्य पाहता येतात. एका बैठकीला एकच चित्र घ्यावे. प्रारंभी खालची ओळ कागदाने झाकावी आणि पाच मिनिटे केवळ ‘काय काय दिसते?’ एवढेच विचारावे. अर्थ सांगण्याची घाई मोठ्यांनी करू नये. नंतर ओळ उघडावी आणि आधीचा अंदाज किती बदलला ते पाहावे. मग तारीख सांगावी, त्या आठवड्यात काय घडले ते सांगावे, चित्रकार कोण होता व कोणत्या वर्तमानपत्रात लिहीत होता ते सांगावे. शेवटी पाच साधनांपैकी कोणती वापरली आहेत, हे मुलांनी वहीत टिपावे.

त्यानंतर हिशेब करून घ्यावा. १७ मे १९५४ रोजी प्रिन्स एडवर्ड परगण्यात जन्मलेले मूल पहिलीत जाण्याच्या वयाला आले तेव्हा तेथील सरकारी शाळा बंद होत्या. त्या उघडल्या तेव्हा ते किती वर्षांचे होते? उत्तर दहा येते. हा आकडा मुलांच्या लक्षात राहतो, कारण त्यांची स्वतःची दहा वर्षे त्यांना ठाऊक असतात.

बैठकीचा शेवट कोऱ्या कागदाने व्हावा. आपल्या शाळेत, बसमध्ये, सोसायटीच्या मैदानावर कोणाला वेगळे काढले जाते का, याचे चित्र मुलाने काढावे. कामवाल्या बाईंच्या मुलाला कोणत्या खेळात घेतले जात नाही, कोणत्या मुलाच्या डब्याला नावे ठेवली जातात, लंगडणाऱ्या मुलीला सहलीला नेले जाते का, हे मुलांना चांगले माहीत असते. ते चित्र चांगले आले नाही तरी चालेल. आईवडिलांनी ते शांतपणे पाहावे आणि त्यात एखादे दार आपल्याच घराचे निघाले, तर ते दुसऱ्या दिवशी उघडावे.